शेळीच्या पायाला मोठी जखम झाली तर



शेळी म्हणजे गरिबाची गाय, असे आपण म्हणतो. पण हीच शेळी एखाद्या संध्याकाळी पाय ओढत, रक्त गाळत घरी आली, की घरात दोनच गोष्टी बोलल्या जातात. एक म्हणतो, "हळद भरा नि बांधा." दुसरा म्हणतो, "आता काय राहिलंय हिच्यात, उद्या खाटकाला सांगा." या दोन्ही गोष्टींची घाई करू नये, हे सांगण्यासाठी हे पत्रक काढले आहे.

सुरुवातीलाच एक सांगतो. मी कृषी पदवीधर आहे, विस्तार अधिकारी आहे, जनावरांचा डॉक्टर नाही. टाके घालणे, इंजेक्शन देणे, हाड बसवणे ही कामे डॉक्टरांची. परंतु डॉक्टर येईपर्यंतचा वेळ आणि डॉक्टर गेल्यानंतरचे दिवस हे मालकाचे असतात. मोठ्या जखमेत पाय वाचणार की जाणार, हे पुष्कळदा याच वेळात ठरते.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती माझ्या चुकीची आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी बालाघाटाच्या डोंगराकडच्या एका गावी मी बांधबंदिस्तीच्या कामासाठी गेलो होतो. तिथे एका बाईची काळी उस्मानाबादी शेळी काटेरी तारेत अडकून मागचा पाय घोट्याच्या वर फाटला होता. दोन महिन्यांची गाभण. मी मोठ्या हुशारीने कापूस घातला, औषधाचे चार थेंब टाकले आणि रक्त थांबावे म्हणून पट्टी करकचून बांधली. जखम धुतली नाही. पट्टी केव्हा सोडायची, हेही सांगितले नाही. आठ दिवसांनी परत गेलो तेव्हा वास दारापर्यंत येत होता. खूर थंडगार पडला होता. त्या बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "साहेब, तुम्ही बांधलं म्हणून मी सोडलं नाही."

तो पाय गेला. तेव्हापासून मी जिथे जातो तिथे हा विषय सांगतो.

खाटकाला बोलावण्याआधी हिशेब करा

शेळीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा. नीट सांभाळली तर दोन वर्षांत तीन वेतं होतात. उस्मानाबादी शेळीला जुळी करडं होणे ही नेहमीची गोष्ट आहे. म्हणजे जखमी शेळी पडेल त्या भावात विकली, तर तिच्या एकटीची किंमत जात नाही, पुढची करडंही जातात. शिवाय घेणाऱ्याला आपली अडचण दिसत असते, त्यामुळे भाव तोच ठरवतो.

नुसते मांस आणि कातडी फाटली असेल, तर बहुतेक शेळ्या बऱ्या होतात. गुडघ्याखालचे हाड मोडले तरी वेळेवर बांधले तर जुळते. अगदी पाय काढावा लागला, तरी हलक्या अंगाची शेळी तीन पायांवर घराजवळ चरते आणि वितेसुद्धा. तेव्हा डॉक्टरांनी बघितल्याशिवाय विकण्याचा निर्णय घेऊ नये.

पहिले काम : रक्त थांबवा

तीस किलोच्या शेळीच्या अंगात साधारण दोन लिटर रक्त असते. त्यातले अर्धा-पाऊण लिटर गेले की जिवाला धोका सुरू होतो. म्हणून रक्त वाहत असेल तर धुणे, औषध लावणे हे सगळे नंतर. आधी रक्त.

१. शेळीला सावलीत, शांत जागी घ्या. कुत्री आणि पोरं लांब ठेवा. एकाने डोके धरावे. डोळ्यांवर फडके टाकले की शेळी लवकर गप्प होते.

२. उभी राहत नसेल तर कुशीवर निजवा, जखमी पाय वर येईल असे. पाठीवर उताणी पाडू नका. मान जरा उंच ठेवा, नाही तर पोटातले पाणी तोंडात येऊन श्वासनळीत जाते. फार वेळ आडवी ठेवली तर पोट फुगते. काम झाले की उठवून बसवा.

३. स्वच्छ धुतलेल्या धोतराची किंवा लुगड्याची जाड घडी करा. ती जखमेवर ठेवून तळहाताने घट्ट दाबून धरा. पुरती दहा मिनिटे. थांबले का, हे मधेमधे उचलून बघू नका. उचलले की धरलेली गाठ सुटते आणि रक्त पुन्हा सुरू होते.

४. घडी भिजली तर ती काढू नका. तिच्यावरच दुसरी ठेवा आणि दाबत राहा.

५. लालभडक रक्त चिळकांड्या उडवत येत असेल तर मोठी शीर तुटली आहे असे समजा. दाबूनही ते थांबत नसेल, तरच जखमेच्या वर तीन बोटे रुंद फडक्याचा पट्टा आवळा, वेळ लक्षात ठेवा आणि शेळी ताबडतोब दवाखान्यात न्या. सुतळी, तार, नाडा असले काही बांधू नये. ते मांसात रुतते आणि खालचा पाय मरतो.

रक्त जास्त गेले आहे हे कसे ओळखावे? हिरड्या आणि डोळ्याच्या आतली कातडी पांढरी पडते, कान गार लागतात, शेळी मान टाकते. अशा वेळी वाट बघू नये.

दुसरे काम : जखम किती खोल आहे ते पाहा

रक्त थांबले की उजेडात नीट बघा. बोट आत घालू नका. पुढील पाच गोष्टींपैकी एकही दिसली, तर घरचा उपाय पुरणार नाही, त्याच दिवशी डॉक्टर पाहिजे.

१. हाड दिसते आहे, किंवा पाय भलत्या ठिकाणी वाकतो आहे.

२. सांध्याजवळच्या जखमेतून अंड्याच्या पांढऱ्यासारखे चिकट, तार धरणारे पाणी येते आहे. याचा अर्थ सांधा उघडा झाला.

३. शेळी खूर नीट टेकवू शकत नाही, खूर मागे मुडपतो किंवा बोटे वर उचललेली राहतात. म्हणजे दोर तुटला आहे किंवा नसेला मार बसला आहे.

४. जखम कुत्र्याने, लांडग्याने किंवा कोल्ह्याने चावल्याची आहे. वरून दाताची छोटी भोके दिसतात, आत मांस फाटलेले असते.

५. कातडीचा मोठा तुकडा लोंबतो आहे. तो कापून फेकू नये. टाके घालताना डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो.

टाक्यांविषयी एक लक्षात ठेवा. ताजी, स्वच्छ जखम सहा ते आठ तासांच्या आत शिवली तर चांगली जुळते. रात्रभर वाट पाहिली तर आत जंतू वाढतात, मग डॉक्टरही ती उघडी ठेवूनच बरी करतात. त्याला आठवड्यांचे काम पडते. म्हणून "सकाळी बघू" असे म्हणू नये. आजकाल पुष्कळ ठिकाणी फिरते पशुवैद्यकीय पथक आहे. त्यासाठी १९६२ या निःशुल्क क्रमांकावर फोन करावा. गावच्या गुरांच्या दवाखान्यात कोणाला बोलवायचे, त्यांचा नंबर आजच गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा. जखमेचा फोटो काढून पाठवला तर डॉक्टर तयारीनिशी येतात.

तिसरे काम : जखम धुणे

माझ्या हातून राहिले ते हेच काम. शेळीचा पाय लेंडी, मूत आणि मातीत असतो. जखमेत गेलेली ही घाण आत ठेवून वरून कितीही भारी औषध लावले तरी उपयोग नाही.

आधी आपले हात साबणाने धुवा. हातमोजे असतील तर घाला, नसतील तर स्वच्छ प्लास्टिकची पिशवी हाताला बांधली तरी चालते. मग पाणी तयार करा. एक लिटर पाणी चांगले उकळा, त्यात सपाट दीड चहाचा चमचा मीठ टाका (सुमारे ९ ग्रॅम) आणि कोमट होऊ द्या. असे दोन लिटर पाणी लागेल.

जखमेत स्वच्छ ओला कापडाचा तुकडा ठेवा आणि भोवतीचे केस दोन बोटे रुंद कात्रीने बारीक कापा. तुकडा ठेवल्यामुळे केस आत पडत नाहीत. नंतर तुकडा काढा. सुई नसलेली मोठी पिचकारी घ्या किंवा पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडा, आणि मिठाच्या पाण्याची धार जखमेत सोडा. धार वरून खाली जाऊ द्यावी. खडे, काटे, केस, भुसा निघून जाईपर्यंत धुवावे. चोळू नये, घासू नये. काटा किंवा तार खोल रुतलेली असेल तर ओढू नका. ती शिरेत असली तर काढताच रक्ताचा लोट येतो.

शेवटी जंतुनाशक. औषधाच्या दुकानात मिळणारे तपकिरी पोव्हिडोन आयोडीन घ्या. एक चमचा औषधात दहा चमचे उकळून गार केलेले पाणी घाला. रंग फिक्या चहासारखा आला पाहिजे. ते जखमेवर ओता. ते नसेल तर पोटॅशियम परमँगनेटचे एक-दोन बारीक खडे एक लिटर पाण्यात विरघळवून फिकट गुलाबी पाणी करा. गडद जांभळे झाले तर ते मांस जाळते. "जास्त घातलं म्हणजे लवकर बरं होतं" हा हिशेब खताला लागू नाही आणि औषधालाही लागू नाही.

जखमेत काय घालू नये

शेण, राख, चुना, मिरची, तंबाखू, रॉकेल, गाडीचे जळके तेल, बॅटरीची पूड, पिकावरची कीटकनाशक पावडर. यातली प्रत्येक वस्तू मी कोणत्या ना कोणत्या गावात जखमेत भरलेली पाहिली आहे. शेणात आणि मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. चुना, रॉकेल आणि जळके तेल जिवंत मांस जाळतात. कीटकनाशक जखमेतून रक्तात जाते आणि शेळी विषबाधेने मरते.

हळदीचे काय, असे माय-माऊली नेहमी विचारतात. खरचटले असेल, वरवरची जखम असेल तर धुऊन हळद लावायला हरकत नाही. खोल जखमेत मात्र हळदीची पूड भरू नये. तिची खपली धरते, खाली पू साचतो आणि वरून जखम सुकलेली दिसते.

पट्टी कशी बांधावी

पट्टीचे तीन थर असतात. पहिला थर औषधात भिजवलेल्या जाळीदार कापडाचा, म्हणजे तो मांसाला चिकटत नाही. दुसरा थर कापसाचा, चांगला जाड. तिसरा थर पट्टीचा. नुसता कापूस कधीही थेट जखमेवर ठेवू नये. त्याचे तंतू आत अडकतात.

पट्टी खुराकडून सुरू करून वर न्यावी. वरून खाली बांधली तर खालच्या भागात सूज उतरते. दोन्ही खुरांच्या बेचक्यात थोडा कापूस ठेवा. खुरांची टोके उघडी ठेवा, ती रोज बघायची असतात. बांधून झाल्यावर पट्टीखाली एक बोट शिरले पाहिजे. शिरत नसेल तर सोडा आणि पुन्हा बांधा.

पहिले तीन-चार दिवस पट्टी रोज सोडून, धुऊन नवी बांधावी. पू येईनासा झाला की दोन-तीन दिवसांनी सोडली तरी चालते. पट्टी ओली झाली किंवा शेणाने भरली तर त्याच वेळी बदला. पावसाळ्यात शेळी बाहेर काढताना वरून प्लास्टिकची पिशवी बांधा, पण आत आणल्याबरोबर काढा. पिशवीत जखम घामेजते आणि कुजते.

कोणीही बांधली असली, डॉक्टरांनी, कंपाउंडरने किंवा माझ्यासारख्या साहेबाने, तरी एक प्रश्न त्याच वेळी विचारा : "ही पट्टी सोडायची केव्हा?" उत्तर मिळाल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नका.

हाड मोडले असेल तर

हाड कातडीबाहेर आले असेल तर ते आत ढकलू नका. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने झाका आणि डॉक्टर गाठा. गाडीतून नेताना पाय हलू नये म्हणून तात्पुरता आधार द्यावा लागतो.

आधाराला बांबूच्या कामट्या घ्या, किंवा पाइपलाइनच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा चिरून त्याच्या दोन पन्हळी करा. टोके घासून बोथट करा. पायाला आधी जाड कापूस गुंडाळा, मग कामट्या लावा आणि पट्टीने बांधा. मोडलेल्या जागेच्या वरचा सांधा आणि खालचा सांधा, दोन्ही आधारात आले पाहिजेत. नुसत्या मोडलेल्या जागेवर बांधले तर दोन्ही सांधे हलतात आणि हाडाची टोके आत मांस कापत राहतात.

मागच्या पायाचे मांडीचे हाड आणि पुढच्या पायाचे खांद्याजवळचे हाड असे बांधता येत नाही. तिथे कामटी लावली तर तिचे ओझे उलट त्रास देते. अशा शेळीला पेंढ्यावर निजवून डॉक्टरांकडे न्यावे.

डॉक्टरांनी पक्का आधार घातल्यावर मोठ्या शेळीचे हाड साधारण चार ते सहा आठवड्यांत आणि करडाचे तीन ते चार आठवड्यांत जुळते. करडू वाढत असते, त्यामुळे त्याची पट्टी आठवड्या-पंधरवड्याला सैल करून पुन्हा बांधावी लागते. एकदा बांधून विसरली तर पाय बारीक राहतो.

डॉक्टरांकडून करून घ्यायच्या गोष्टी

धनुर्वात. तारेची, खिळ्याची, कोयत्याची किंवा मातीने भरलेली जखम असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचे डॉक्टरांना आठवणीने विचारा. हा रोग जखमेनंतर काही दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनी दिसतो. तोपर्यंत जखम भरतही आलेली असते. शेळीचे पाय लाकडासारखे ताठ होतात, कान उभे राहतात, शेपूट ताठते, तोंड उघडत नाही. या अवस्थेला पोचलेली शेळी क्वचितच वाचते. म्हणून आधीच टोचून घेणे बरे.

जंतुनाशक इंजेक्शन. पेनिसिलीनसारखे औषध डॉक्टर सांगतील तितके दिवस पुरे करावे. दोन दिवसांत शेळी चरायला लागली म्हणून तिसऱ्या दिवसाचे टाळू नये. अर्धवट औषधाने उरलेले जंतू जास्त चिवट होतात. औषध चालू असताना आणि संपल्यावर किती दिवस दूध खाऊ नये, किती दिवस शेळी कापायला देऊ नये, हेही विचारा. ते दूध लेकरांना देऊ नये.

वेदनेचे औषध. माणसाच्या गोळ्या कुटून शेळीला देऊ नका. त्यातली डायक्लोफेनॅक जनावरांसाठी २००६ सालापासून आपल्या देशात बंद आहे, कारण ती दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले तर गिधाडे मरतात. आपल्या माळावरची गिधाडे नाहीशी होण्याचे ते मोठे कारण ठरले. २०२३ साली केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक याही जनावरांसाठी बंद झाल्या. मेलॉक्सिकॅमसारखे योग्य औषध आणि त्याचा डोस डॉक्टर ठरवतील.

शेळी गाभण असेल तर ते पहिल्या वाक्यात सांगा. काही इंजेक्शनांनी शेळी गाभ टाकते.

कुत्र्याने चावले असेल तर

इथे जखमेपेक्षा पिसाळण्याची भीती मोठी असते. जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पुरती पंधरा मिनिटे धुवा. हातमोजे घाला, तुमच्या हातावर ओरखडा असेल तर दुसऱ्याला धुवायला सांगा. नंतर आयोडीन लावा. पट्टी आवळू नका, घाईने टाके मागू नका. लशीची मालिका त्याच दिवशी सुरू करून घ्या आणि सगळी इंजेक्शने तारखेनुसार पुरी करा.

शेळी वेड्यासारखी ओरडायला लागली, लाळ गाळायला लागली, गिळता येईना, तर घशात काही अडकले म्हणून तोंडात हात घालू नका. तिचे दूध पिऊ नका, तिला कापू नका. ज्यांच्या जखमेला तिची लाळ लागली असेल त्यांनी त्याच दिवशी माणसांच्या सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. रोग दिसू लागल्यावर त्यावर इलाज नाही. जनावर गेले तर खोल पुरावे, उघड्यावर टाकू नये.

जखमेत आसडी पडली तर

पावसाळ्यात माशी जखमेच्या कडेला अंडी घालते. एका दिवसात त्यातून अळ्या निघतात आणि मांस खात आत शिरतात. शेळी पाय सारखा झटकते, चाटते, जखमेला कुजका वास येतो आणि नीट पाहिले तर भोकात वळवळ दिसते.

अशा वेळी कापसाचा बोळा टर्पेंटाइन तेलात बुडवून, पिळून, जखमेच्या तोंडाशी काही मिनिटे धरा. अळ्या गुदमरून वर येतात. त्या चिमट्याने एकेक वेचा आणि रॉकेलच्या डबीत टाका. जमिनीवर टाकू नका, त्यांच्याच माश्या होतात. टर्पेंटाइन जखमेत ओतायचे नाही आणि बोळा आत ठेवून द्यायचा नाही. वेचून झाल्यावर मिठाच्या पाण्याने भरपूर धुवा आणि आयोडीन लावा. जखमेच्या भोवती, केसांवर, करंजाचे किंवा निंबोळीचे तेल लावा म्हणजे माशी बसत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा. एका खेपेत सगळ्या अळ्या सहसा निघत नाहीत. खोल पोखरले असेल तर डॉक्टरांना दाखवा.

गोठा आणि खुराक

जखमी शेळी कळपात ठेवू नये. दुसऱ्या शेळ्या टक्कर देतात. पण अगदी एकटीही ठेवू नका, ती ओरडून खाणे सोडते. कुडाच्या पलीकडे, बाकीच्या दिसतील अशी कोरडी जागा द्या. खाली पेंढा किंवा वाळलेले गवत घाला आणि रोज बदला. उठत नसेल तर दिवसातून चार-पाच वेळा कूस बदला.

रक्त गेलेल्या शेळीला तहान फार लागते. एक लिटर पाण्यात मूठभर गूळ आणि चिमूटभर मीठ घालून समोर ठेवा, तिला हवे तसे पिऊ द्या. आडव्या शेळीच्या तोंडात बाटलीने ओतू नका. ते फुप्फुसात जाते.

जखम भरायला प्रथिने लागतात. शेवरी, सुबाभूळ, हादगा, लसूणघास यांचा पाला, जोडीला मूठभर शेंगदाण्याची पेंड द्यावी. माया म्हणून ज्वारी-बाजरी किंवा शिळ्या भाकरी पोटभर घालू नका. आंबोण होऊन पोट बिघडते आणि शेळी जखमेऐवजी त्यानेच जाते.

रोज सकाळी पाहण्याच्या गोष्टी

खूर कोमट आहे का? थंड असेल किंवा सुजला असेल तर पट्टी त्याच वेळी सोडा.

वास येतो का? बरी होणारी जखम कुजका वास देत नाही. ती लालसर-गुलाबी, दाणेदार दिसते.

ताप आहे का? शेळीचा नेहमीचा ताप १०१.५ ते १०३.५ अंश फॅरनहाइट. १०४ च्या वर गेला तर डॉक्टरांना कळवा. दुपारच्या उन्हात मोजू नका, सकाळी मोजा.

सूज वर चढते का? दाबल्यावर कागद चुरगळल्यासारखी कुरकुर लागत असेल तर आत वायू धरणारे जंतू वाढले आहेत. हे काम तासाभराचे, उद्यावर टाकू नये.

शेळी रवंथ करते का? रवंथ करणारी शेळी बरी होण्याच्या वाटेवर असते.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

प्रश्न : शेजाऱ्याच्या पिकात शेळी शिरली आणि त्याने कुऱ्हाड फेकून मारली. आधी पोलीस पाटलाकडे जावे की दवाखान्यात?

उत्तर : आधी दवाखान्यात. भांडण आठ दिवसांनीही करता येते, टाके मात्र आठ तासांत घालावे लागतात. डॉक्टरांकडून जखमेची लेखी नोंद घ्या, ती पुढे उपयोगी पडते. शेळीचा विमा असेल तर कानातला बिल्ला जपा आणि विमा कंपनीला लगेच कळवा.

प्रश्न : जखम भरली, पण शेळी पाय टेकवत नाही. काय करावे?

उत्तर : आधी खूर बघा. महिनाभर न झिजल्यामुळे खूर वाढतात आणि टेकवताना दुखतात. ते साळून घ्या. मग रोज थोडे मऊ जमिनीवर चालवा. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा.

घरात ठेवायचा डबा

एका झाकणाच्या डब्यात एवढ्या वस्तू ठेवा : पोव्हिडोन आयोडीनची बाटली, जाळीदार पट्टीची दोन बंडले, कापूस, कात्री, चिमटा, सुई नसलेली मोठी पिचकारी, टर्पेंटाइनची छोटी बाटली, तापमापक, साबण, हातमोजे आणि धुऊन उन्हात वाळवलेल्या जुन्या धोतराचे चार तुकडे. डबा गोठ्यात नको, घरात ठेवा. उंदीर कापूस पळवतात.

त्या बाईंकडे मी नंतरही जात राहिलो. डॉक्टरांनी पाय गुडघ्याखालून काढला, गाभ मात्र टिकला. शेळी तीन पायांवर व्याली, दोन करडं झाली. त्यातल्या एका पाटीला पुढच्या पावसाळ्यात कोयता लागला. मी पोचलो तेव्हा जखम धुऊन, पट्टी बांधून तयार होती. मी जवळ गेलो तर बाई म्हणाल्या, "थांबा साहेब, आधी हात धुवा."

मी हात धुतले. आपणही तसेच करावे.